डागाचं वर

दादीनं नाव ठेवलं रुखसार, म्हणजे गाल.
चौथ्या वर्षी त्याच गालावरून
संत्र्याच्या खोक्याचा खिळा ओढत गेला.
ती रेघ तेव्हापासून माझ्याबरोबर वाढते आहे.

दारव्ह्याहून निरोप आला, पोरीचा फोटो पाठवा.
नीलोफर भाभीनं मला गोठ्याच्या भिंतीशी उभं केलं,
ओढणी कपाळापर्यंत ओढली,
फोटो काढला, मग काचेवर बोट फिरवलं.
रेघ गेली.
पुन्हा फिरवलं. नाक बारीक झालं,
रंग असा, जो आमच्या सात पिढ्यांत कुणाचा नाही.
"या अल्ला, कशी दिसून राहिली व तू!"
मी पाहिलं.
छान होती पोरगी.
तिला मी सलाम करणारच होते.

अंगणात अब्बा उद्याच्या बाजाराची टोपली भरत होते.
वरुडच्या सेंटरात संत्र्याला मेण चढवतात,
आपलं तोंड दिसावं इतकं चमकतं.
अब्बा नुसत्या ओल्या फडक्यानं कोळशी पुसतात.
कोळशी वरून बसलेली, ती जाते.
डाग सालीतला, तो राहतो.
आणि डागाची फळं अब्बा वर ठेवतात, साफ खाली.
बाजार त्यांना येडा बागवान म्हणतो.
त्यांची टोपली सगळ्यात उशिरा रिकामी होते,
हेही खरं आहे.
फोटोबद्दल ते काही बोलले नाहीत.

मी आपाजींकडे गेले. लहानपणी मक्तबात
त्यांनीच मला अलिफ गिरवायला शिकवलं.
त्यांचा जन्मात एकच फोटो, आधार कार्डावरचा,
त्यातही डोळे मिटलेले.
विचारलं, फिल्टर लावला तर गुनाह होतो का?
"कायचा? पान्याचा?"
मी दोन्ही फोटो दाखवले.
सुई दोऱ्यासकट ओठात धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"अंधारात काहाडला असंन त उजेड वाढव.
उजेडाले कोन नाही म्हनते?
मांग वाळत घातलेला लेंगा दिसते, तो बी पुसून टाक.
पन दारव्ह्याले जाईन हे पोट्टी,
अन् बसमधून उतरशीन तू.
पाहनाऱ्याचा बी हक्क असते, बेटा."

मग टाका घालता घालता,
"अजून काय काय केलं या फोननं?"

ते सांगायला मी गेलेच नव्हते.

करुणा ठोंबरेचे दात पुढे आहेत.
कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ती हसत असताना
मी तिच्यावर गाढवाचे कान लावले,
दात हनुवटीपर्यंत ओढले,
आणि स्टेटसला ठेवलं.
त्रेसष्ट जणांनी पाहिलं.
चोवीस तासांनी आपोआप गेलं.
करुणा पुढचे आठ दिवस एसटीत मागच्या सीटवर,
तोंडाला रुमाल बांधून.

आपाजी ओरडल्या नाहीत.
आधी माझ्या उजव्या खांद्याला बोट लावलं, मग डाव्या,
जिथं लिहिणारे बसलेले असतात.
त्यांचं काही आपोआप जात नाही.

संध्याकाळी करुणाच्या दारात उभी राहिले.
वाटेत पाठ केलेलं सगळं फाटकापाशीच विसरले.
फोन तिच्या हातात दिला, म्हटलं,
गाढवाचे कान लाव मले, अन् टाक सगळ्याइले.
तिनं फोन उलटासुलटा करून पाहिला.
माफ केलं असं ती म्हणाली नाही.
"नीट उभी राय," म्हणाली,
आणि तुरीच्या कुडाजवळ एकच फोटो काढला,
दुसरा हात स्वतःच्या तोंडावर धरून.

रात्री मी फक्त उजेड वाढवला.
उजेड वाढवला तर रेघ
आणखीच ठळक झाली.
भाभी म्हणाली, पायजो, आता कोनी येत नाही.
पाठवला.
दोन निळ्या खुणा उमटल्या, पुढे काही नाही.

पहाटे अब्बा निघाले.
टोपली डोक्यावर घेण्याआधी त्यांनी
एक संत्रं माझ्याकडे फेकलं,
वरचं.